पेशीमृत्यूचा आकडा दर वेळी वेगळा का येतो: रंजक बदलण्याआधी काय तपासावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच रूपात समोर येते. फ्लास्क एकच, औषध एकच, मात्राही तीच. ट्रायपॅन ब्ल्यू या निळ्या रंजकाने मोजल्यावर ९१ टक्के पेशी जिवंत दिसतात, आणि त्याच दिवशी ॲनेक्सिन व्ही व प्रोपिडियम आयोडाइड यांची जोडी वापरून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीवर लेझर टाकून तिचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिले तर जिवंत पेशींचे प्रमाण ६४ टक्के निघते. पुढच्या आठवड्यात प्रयोग पुन्हा केला की दोन्ही आकडे सरकतात, आणि तेही एकाच दिशेने नाहीत. अशा वेळी पहिला संशय रंजकावर जातो आणि नवे किट मागवले जाते. अनेक वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे बनले आहे की दोष रंजकाचा क्वचितच असतो. बहुतेक चूक रंजक पेशीला शिवण्याआधीच, म्हणजे पेशी गोळा करताना झालेली असते. उरलेली मोजताना होते, किंवा रंजकाला त्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न विचारल्यामुळे होते.

सुरुवात या शेवटच्या मुद्द्यापासून करावी, कारण पुष्कळदा वरच्या दोन आकड्यांमध्ये विसंगती मुळात नसतेच. ट्रायपॅन ब्ल्यू आणि प्रोपिडियम आयोडाइड ही दोन्ही रंजके अखंड पेशीपटलातून आत जाऊ शकत नाहीत; पटल फाटले की ती आत शिरतात. म्हणजे ती मोजतात ते पटलाची त्या क्षणीची अवस्था, मृत्यू नव्हे. ॲनेक्सिन व्ही हे प्रथिन वेगळीच गोष्ट पाहते: पटलाच्या आतल्या बाजूला असणारे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेरच्या बाजूला आले आहे का, एवढेच ते सांगते. अपॉप्टोसिसच्या, म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूच्या, सुरुवातीच्या टप्प्यात हे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर आलेले असते, पण पटल अजून अखंड असते. अशी पेशी ॲनेक्सिनला चिकटते, प्रोपिडियमला आत घेत नाही, आणि ट्रायपॅन ब्ल्यूखाली स्वच्छ, चकचकीत, जिवंत दिसते. त्यामुळे ट्रायपॅनच्या ‘जिवंत’ आकड्याची तुलना दोन्ही रंजकांना नकार देणाऱ्या पेशींशी करणे चूक आहे. ती प्रोपिडियमला नकार देणाऱ्या सर्व पेशींशी, मग त्या ॲनेक्सिनला चिकटलेल्या असोत वा नसोत, करावी. ही बेरीज करून पाहिली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वरच्या उदाहरणात ॲनेक्सिनला चिकटलेल्या पण प्रोपिडियम न घेतलेल्या पेशी २५ टक्के असतील, तर बेरीज ८९ होते आणि ९१ व ८९ यांत भांडण उरत नाही.

बेरीज करूनही फरक उरला, तर पुढचा प्रश्न रंगाचा नाही, मोजदादीचा आहे: मेलेल्या पेशी गेल्या कुठे?

हा प्रश्न मला एका प्लेटने शिकवला. पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या पेशींना ४८ तास औषध दिले होते. मोजणीआधी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा तळाचा मोठा भाग उघडा पडला होता, आणि वर मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, गोल झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे पुंजके संथपणे हलत होते. तरीही ट्रायपॅनचा आकडा नव्वदच्या वर आला. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. नेहमीच्या सवयीने मीडियम ओढून टाकले होते, बफरने एकदा धुऊन तेही टाकले होते, आणि मग ट्रिप्सिन हे पेशी सोडवणारे विकर घालून ज्या पेशी अजून तळाला घट्ट चिकटून होत्या त्यांनाच गोळा केले होते. म्हणजे मोजल्या त्या वाचलेल्याच. पुढच्या खेपेला टाकून द्यायचे मीडियम आणि धुण्याचे बफर वेगळ्या नळीत ठेवून सेंट्रिफ्यूज केले. तळाशी पांढुरका पेलेट बसला आणि त्याचा थेंब रंगवल्यावर जवळजवळ सगळे क्षेत्र निळे दिसले. चिकटणाऱ्या पेशींच्या बाबतीत मीडियम, धुण्याचे बफर आणि ट्रिप्सिनने सुटलेल्या पेशी एकाच नळीत एकत्र केल्याशिवाय पेशीमृत्यूचा कोणताही टक्का मांडू नये, असे मी आता आग्रहाने सांगतो.

एकत्र केल्यानंतरही एक गळती उरते, आणि ती कोणत्याही रंजकाला दिसत नाही. समजा १० लाख पेशी होत्या. औषधाने ४ लाख मेल्या, पण त्यांतल्या ३ लाख मोजणीच्या वेळेपर्यंत विरघळून गेल्या. नळीत उरल्या ७ लाख, त्यांतल्या ६ लाख जिवंत आणि १ लाख निळ्या. व्हायबिलिटी, म्हणजे जिवंत पेशींचा टक्का, निघते ८६ टक्क्यांच्या आसपास, प्रत्यक्षात वाचलेल्या पेशी मात्र ६० टक्केच. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त पहिल्या आकड्याचा छेद बदललेला आहे. म्हणून टक्क्यासोबत प्रत्येक नमुन्यातील जिवंत पेशींची एकूण संख्या नोंदवणे आणि ती औषध न दिलेल्या कंट्रोलशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. कंट्रोलमधील पेशी त्या अवधीत वाढलेल्याही असतात, तेव्हा संख्या कमी दिसण्याचे कारण मृत्यू आहे की थांबलेली वाढ, हे कळण्यासाठी प्रयोगाच्या प्रारंभीची संख्याही हाताशी हवी. विरघळलेल्या पेशींचा मागोवा मीडियममध्ये सांडलेल्या लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकरावरून घेता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे: हे विकर मीडियममध्ये हळूहळू निकामी होते, आणि मीडियममध्ये घातलेल्या सिरममध्ये (रक्तद्रवात) ते मुळातच असते, म्हणून पेशी नसलेल्या मीडियमचा आकडा वजा करावाच लागतो.

आता सगळ्यात उपयोगी पडणाऱ्या चाचणीकडे येतो. पद्धत खरी आकडेवारी देते की नाही हे अनोळखी नमुन्यावर कधीच कळत नाही. त्यासाठी उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना लागतो. निरोगी पेशींचा एक साठा घ्यावा, त्याचा अर्धा भाग ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून मारावा, आणि त्या सगळ्या खरोखर मेल्या आहेत याची रंगवून खात्री करावी. किती मिनिटे लागतात हे पेशींच्या जातीवर आणि नळीतील द्रवाच्या आकारमानावर अवलंबून असते, म्हणून तो वेळ एकदा स्वतः ठरवून घ्यावा. मग दोन्ही साठे पुन्हा मोजून, आकारमानाने नव्हे तर पेशींच्या संख्येने, ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के अशी मिश्रणे करावीत. जिवंत साठा स्वतः ९५ टक्क्यांचा असेल तर निम्म्या मिश्रणात ४७.५ टक्के अपेक्षित आहेत, ५० नव्हे. अपेक्षित आकडा आडव्या अक्षावर आणि मोजलेला आकडा उभ्या अक्षावर मांडला की सरळ रेषा यायला हवी.

रेषा बिघडली तर ती कशी बिघडली यावरून दोष ओळखता येतो. जिवंत टोकाला आकडा खाली ढळला असेल, म्हणजे ९५ च्या जागी ८० दिसत असतील, तर हाताळणीत पेशी दुखावत आहेत किंवा जिवंत पेशी रंग घेतल्यासारख्या दिसत आहेत. मृत टोकाला काही पेशी जिवंत दिसत असतील, तर रंजक कमी पडते आहे, रंगवण्याचा वेळ अपुरा आहे, किंवा सायटोमीटरवरची जिवंत-मृत वेगळे करणारी सीमा चुकीच्या जागी आखली आहे. आणि दोन्ही टोके बरोबर असूनही रेषा मध्ये वर फुगत असेल, तर मृत पेशी वाटेत हरवत आहेत. हे तिसरे चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण केवळ टोकांचे कंट्रोल ठेवणाऱ्याला ते कधीही दिसणार नाही. मृत पेशींपैकी निम्म्या हरवत असल्या तरी पूर्ण जिवंत नमुना १०० टक्के आणि पूर्ण मृत नमुना ० टक्केच दाखवतो. ५० टक्क्यांचे मिश्रण मात्र ६७ टक्के दाखवते. एक सावधगिरी बाळगावी: उष्णतेने मारलेली पेशी अपॉप्टोसिसने मरणाऱ्या पेशीसारखी नसते. ती पटल फाटल्याची परीक्षा घेते, ॲनेक्सिनची नव्हे. ॲनेक्सिनसाठी स्टॉरोस्पोरिनसारख्या औषधाने अपॉप्टोसिस घडवलेल्या पेशी वेगळ्या ठेवाव्यात.

ट्रायपॅन ब्ल्यूच्या बाबतीत प्रत्यक्ष काचेवर काय दिसते ते नीट पाहणे हाच अर्धा उपाय आहे. जिवंत पेशी गोल, फुगीव आणि कडेला उजळ वलय असलेली दिसते. मेलेली पेशी चपटी, आतून सर्वत्र निळी आणि वलय हरवलेली असते. या दोघींच्या मध्ये तिसरा प्रकार असतो, ज्याच्याकडे घाईत दुर्लक्ष होते: फुटलेल्या पेशीचा फिकट निळा, कडा पुसट झालेला डाग. अनेकजण त्याला कचरा समजून सोडून देतात, आणि व्हायबिलिटी आपोआप वर जाते. वर सांगितलेला रेषेचा फुगवटा येण्याचे हे एक ठरलेले कारण आहे. फोकस थोडा वर-खाली करून पाहिल्यावर केंद्रकाचा अवशेष दिसला तर ती पेशी मृत म्हणून मोजावी. उलट, कडेवरची निळसर सावली फोकस नीट करताच नाहीशी झाली तर ती पेशी जिवंत आहे. स्वयंचलित मोजणी यंत्रे आकार आणि गडदपणा यांच्या ठरावीक मर्यादांवर चालतात, म्हणून यंत्राने टिपलेल्या प्रतिमेत या फिकट डागांचे काय झाले आहे हे पडद्यावर एकदा तरी डोळ्यांनी पाहावे.

रंजकाची बाटली जुनी असेल तर त्यात साके आणि स्फटिक तयार होतात, आणि ते लहान मृत पेशींसारखे दिसतात. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले की हा त्रास संपतो. सिरममधील प्रथिनेही ट्रायपॅन ब्ल्यूला बांधून ठेवतात. पार्श्वभूमी गडद होते आणि पेशींच्या वाट्याला रंग कमी येतो, म्हणून मोजणीपूर्वी पेशी सिरम नसलेल्या क्षारद्रावणात घ्याव्यात. वेळेचे बंधन सर्वांत कडक आहे. ०.४ टक्क्यांचे द्रावण समप्रमाणात मिसळल्यावर साधारण ३ ते ५ मिनिटांत मोजणी आटोपावी, कारण रंजक स्वतःच पेशींना विषारी असून नळी जितका वेळ पडून राहील तितक्या निळ्या पेशी वाढत जातात. दहा नमुने एकदम रंगवून ओळीने मोजायला बसल्यास शेवटचा नमुना नेहमीच सर्वांत वाईट का निघतो, याचे उत्तर यातच आहे. प्रत्येक नमुना मोजायच्या वेळीच रंगवावा.

यानंतर संख्येचा प्रश्न. १०० पेशी मोजून ९० टक्के व्हायबिलिटी आली, तर केवळ नमुना निवडीच्या योगायोगामुळे त्यात सुमारे ६ टक्क्यांची अधिक-उणे अनिश्चितता असते. ४०० पेशी मोजल्या तर ती सुमारे ३ टक्क्यांवर येते. म्हणजे एकाने ८८ आणि दुसऱ्याने ९३ सांगितले, दोघांनीही शंभरच पेशी मोजल्या असतील, तर दोघांच्या हातात फरक आहे असे म्हणायला आधार नाही. हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे पेशी मोजण्याच्या चौकटी आखलेल्या काचेच्या, एका मोठ्या चौकटीवर केवळ ०.१ मायक्रोलिटर द्रव असतो, तेव्हा पिपेटने घेतलेला थेंब नीट ढवळलेल्या नळीतूनच यायला हवा. पेशी दोन मिनिटांत तळाशी बसू लागतात आणि त्यांचे पुंजके सगळ्या चौकटींत सारखे पसरत नाहीत.

ॲनेक्सिन आणि प्रोपिडियमच्या जोडीत चुकण्याच्या जागा जास्त आहेत, पण त्यांतील बहुतेक दोनच गोष्टींभोवती फिरतात: कॅल्शियम आणि पेशी सोडवण्याची रीत. ॲनेक्सिन व्ही कॅल्शियमशिवाय फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटतच नाही. त्याच्या नेहमीच्या बफरमध्ये १० मिलिमोलर हेपीस, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असते. ट्रिप्सिनसोबत वापरलेल्या ईडीटीए या रसायनाचा अंश धुण्यात राहून गेला तर तो कॅल्शियम पकडून ठेवतो आणि मरणाऱ्या पेशीही कोऱ्या दिसतात. रंगवून झाल्यावर सवयीने फॉस्फेट बफरने धुतले तरी तेच होते, कारण त्यात कॅल्शियम नसते आणि चिकटलेले ॲनेक्सिन सुटून येते. ट्रिप्सिनचा दोष याच्या उलट दिशेचा आहे: जास्त वेळ ठेवलेले ट्रिप्सिन किंवा खरवडून काढणे पटलाला इजा करते आणि निरोगी पेशीही ॲनेक्सिन घेऊ लागतात. एकाच प्रयोगात ईडीटीए आकडा खाली ओढतो आणि ट्रिप्सिन तो वर ढकलतो; दोन्हींची मात्रा रोज थोडी बदलली की निकाल कोणत्याही दिशेला हलू शकतो. सौम्य विकराने पेशी सोडवून, त्यांना संपूर्ण मीडियममध्ये ३७ अंशांवर सुमारे अर्धा तास विसावा देऊन मग रंगवल्यास हा चढउतार बराच कमी होतो. खात्री करायची असेल तर औषध न दिलेल्या पेशी दोन वेगवेगळ्या रीतींनी सोडवून त्यांच्या ॲनेक्सिन आकड्यांची तुलना करावी.

प्रोपिडियम आयोडाइडबद्दल एक गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. ते डीएनएला बांधले जाते हे सगळ्यांना माहीत असते, पण ते दुहेरी धाग्यांच्या आरएनएलाही बांधले जाते. मॅक्रोफेजसारख्या, पेशीद्रव्य भरपूर असलेल्या मोठ्या पेशींमध्ये पेशीद्रव्यातील आरएनए रंगल्यामुळे जिवंत पेशी मृत म्हणून गणल्या जातात, आणि ही चूक किरकोळ नसते. शंका आल्यास त्याच नमुन्याचा थेंब प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. लाल प्रकाश केंद्रकातून येत असेल तर पेशी खरोखर मेली आहे. तो पेशीद्रव्यात पसरलेला आणि मंद असेल तर सायटोमीटरवरचा टक्का विश्वासार्ह नाही. अशा वेळी रंगवून स्थिर केलेल्या (रसायनाने आहे त्या अवस्थेत टिकवलेल्या) पेशींवर आरएनएज हे आरएनए तोडणारे विकर वापरणे किंवा ७-एएडी या डीएनएला पसंती देणाऱ्या रंजकाकडे वळणे हा मार्ग आहे. मात्र रंगवण्याआधी पेशी स्थिर करू नयेत. फॉर्माल्डिहाइड किंवा अल्कोहोलने पटल उघडते आणि मग सगळ्याच पेशी प्रोपिडियम घेतात. मोजणीआधी स्थिर करणे अटळ असेल, तर स्थिरीकरणापूर्वी लावायची, प्रथिनांशी पक्की जोडली जाणारी रंजके वापरावी लागतात.

औषध स्वतः प्रकाश देत असेल तर? डॉक्सोरुबिसिन हे याचे ठळक उदाहरण आहे. ते निळ्या लेझरने उत्तेजित होते, नारिंगी-लाल पट्ट्यात प्रकाश देते आणि वर पेशीच्या केंद्रकातच जाऊन बसते. म्हणजे सायटोमीटरला ते हुबेहूब प्रोपिडियमसारखे भासते. मात्रा वाढवली की ‘मृत’ पेशी वाढतात आणि आलेख फार सुरेख दिसतो. यावर उपाय एकच आहे: प्रत्येक मात्रेसाठी औषध दिलेली पण कोणतेही रंजक न घातलेली नळी सोबत चालवावी. हा कंट्रोल वगळलेला पाहिला की मला खरोखर वाईट वाटते, कारण एका नळीची बचत महिन्यांचे काम संशयास्पद करून ठेवते.

सायटोमीटरवरच्या आखणीत तीन गोष्टी बघाव्यात. ॲनेक्सिनला जोडलेल्या हिरव्या प्रकाशाचा काही भाग लाल वाहिनीत सांडतो. एकेक रंजक लावलेल्या नळ्यांवरून कॉम्पेन्सेशन, म्हणजे या सांडलेल्या प्रकाशाची वजाबाकी, केले नसेल तर सुरुवातीच्या टप्प्यातील पेशी उशिराच्या टप्प्यात ढकलल्या जातात. एक जिवंत आणि एक मृत पेशी चिकटून आली तर यंत्र ती एकच मृत पेशी समजते, म्हणून जोड्या वगळाव्यात. आणि कचरा वगळण्यासाठी आखलेली सीमा निरोगी नमुन्यावर कधीही ठरवू नये. मरणारी पेशी आकसते, यंत्रावर ती खाली सरकते, आणि निरोगी नमुन्यावर नेटकी दिसणारी सीमा औषध दिलेल्या नमुन्यातल्या नेमक्या मरणाऱ्या पेशी कापून टाकते. सीमा मारलेल्या आणि निरोगी पेशींच्या मिश्रणावर आखावी, आणि मग सर्व नमुन्यांसाठी तीच कायम ठेवावी.

हे सर्व ठीक असूनही आकडा पटत नसेल, तर मोजणीची वेळ तपासावी. गोठवलेल्या पेशी वितळवल्यानंतर लगेच केलेली ट्रायपॅन मोजणी हमखास जास्त आशादायक असते. गोठवण्याची इजा पोहोचलेल्या पुष्कळ पेशींचे पटल पहिल्या २४ तासांत फाटते, म्हणून दुसऱ्या दिवशीची मोजणीच प्रमाण मानावी. विद्युतधक्क्याने जनुके आत सोडल्यावर मात्र उलटे होते, कारण पटलाला पडलेली छिद्रे काही काळाने बुजतात आणि घाईने रंगवलेल्या जिवंत पेशी मृत दिसतात.

शेवटी नाव देण्याचा प्रश्न राहतो. ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम दोन्ही घेतलेली पेशी ‘उशिराच्या अपॉप्टोसिस’मधली आहे, असे सर्रास लिहिले जाते. प्लेटमध्ये मेलेल्या पेशी गिळून टाकणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे अपॉप्टोसिसने मेलेल्या पेशीचे पटलही काही तासांत फाटते. आणि पटल फाटले की ॲनेक्सिन आत शिरून आतल्या फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटते, मग मृत्यूचा मार्ग कोणताही असो. डीएनएची तुटलेली टोके रंगवणारी, १९९२ मध्ये पुढे आलेली ट्यूनेल पद्धतही इथे सुटका करत नाही, कारण नेक्रोसिसमध्येही, म्हणजे इजेमुळे आलेल्या अनियोजित मृत्यूतही, तशी टोके तयार होतात. मार्ग सांगायचाच असेल तर २, ६, १२ आणि २४ तासांवर नमुने घेऊन पेशी आधी आलेखाच्या केवळ ॲनेक्सिन घेतलेल्या चौकोनात येतात का ते पाहावे, आणि कॅस्पेज ही अपॉप्टोसिस घडवणारी विकरे रोखणारे द्रव्य दिल्यावर मृत्यू कमी होतो का हे तपासावे. तेवढे केलेले नसेल, तर नोंदवहीत ‘पटल फाटलेल्या पेशी, अमुक टक्के’ असे लिहावे, आणि शेजारी मोजलेल्या पेशींची संख्या, रंगवल्यापासून मोजणीपर्यंतची मिनिटे, पेशी सोडवण्याची रीत आणि तरंगत्या पेशी धरल्या होत्या की नाही, या चार गोष्टी लिहाव्यात. आकडा पुन्हा हलला की सर्वप्रथम याच चार रकाने मागच्या खेपेशी ताडून पाहावेत.